झुरिकचा मोर्चा आणि पाच भाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

पवित्र शास्त्रातले चमत्कार खरोखर घडले, की श्रद्धेची शिकवण देण्यासाठी ते सांगितले गेले, हा आजचा विषय आहे. चमत्कार पुष्कळ आणि वेळ थोडा, म्हणून मी एकच समोर ठेवतो: पाच भाकरी आणि दोन मासे. पुनरुत्थान वगळले, तर येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत आलेला प्रभू येशूचा हा एकमेव चमत्कार आहे. गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाले आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या.

हे कसे झाले असेल? हाइन्रिख पाउलुस या जर्मन धर्मपंडिताने १८२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या येशूचरित्रात याचे एक सोपे उत्तर दिले. जमावातल्या अनेकांजवळ शिदोरी होती, येशूने आपल्याजवळचे वाटायला सुरुवात केली आणि ते पाहून इतरांनीही आपापली गाठोडी सोडली, असे ते उत्तर आहे. आजही हे उत्तर अनेक प्रवचनांतून ऐकू येते, आणि ते ऐकणाऱ्याला बरेही वाटते. मला मात्र ते सर्वांत दुबळे उत्तर वाटते. मार्काच्या शुभवर्तमानात कोणीही गाठोडे सोडत नाही. उलट ही गोष्ट ऐकणाऱ्या पहिल्या शतकातल्या यहुदी माणसाला अलीशा संदेष्टा आठवला असणार, कारण राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अलीशा जवाच्या वीस भाकरींवर शंभर माणसांना जेवू घालतो आणि तिथेही अन्न उरते. अलीशापेक्षा थोर कोणी येथे आला आहे, हे सांगणाऱ्याला सांगायचे होते. पाउलुसने घटना वाचवली, पण सांगणाऱ्याचे म्हणणे गमावले. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढचे सारे यावर उभे आहे: घटना वाचवली, म्हणणे गमावले.

नेमके हेच बोट ठेवले डेव्हिड फ्रीडरिश स्ट्राउस या तरुणाने. लुडविग्सबुर्ग येथे १८०८ मध्ये जन्मलेला स्ट्राउस ट्युबिंगेनच्या धर्मशिक्षण संस्थेत अध्यापक होता. १८३५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने येशूच्या चरित्राची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. चमत्कार जसेच्या तसे घडले असे म्हणणारे आणि त्यांना नैसर्गिक कारणे शोधणारे, असे दोन्ही पक्ष त्याने नाकारले. या कथा कोणी फसवणुकीने रचलेल्या नाहीत, तर जुन्या कराराच्या आशेवर वाढलेल्या पहिल्या मंडळीच्या श्रद्धेने त्या घडवल्या, असे त्याचे म्हणणे होते. त्याने प्रस्तावनेत असेही लिहिले की ख्रिस्ताचा अलौकिक जन्म, चमत्कार, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण ही शाश्वत सत्ये आहेत, मग इतिहास म्हणून त्यांच्याविषयी कितीही शंका येवोत. त्याची नोकरी गेली. आता मला जी हकीकत सांगायची आहे, ती इथून सुरू होते.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक परगण्यात त्या काळी सुधारणावादी सरकार होते आणि तिथले विद्यापीठ १८३३ मध्ये स्थापन झालेले, अगदी नवे होते. या सरकारने १८३९ च्या आरंभी स्ट्राउसला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणून बोलावले. बातमी खेड्यापाड्यांत पोहोचली आणि परगणा पेटला. समित्या उभ्या राहिल्या, गावोगावच्या मंडळ्यांत मते घेतली गेली. विरोधात सुमारे ३९ हजार मते पडली आणि बाजूने हजाराच्या आसपास. एवढा प्रचंड विरोध पाहून सरकार नमले आणि त्याने स्ट्राउसला वर्षाला १,००० फ्रँकांचे निवृत्तिवेतन देऊन मोकळे केले. लक्षात घ्या, श्रोतेहो, एकही व्याख्यान देण्यापूर्वी हा प्राध्यापक निवृत्त झाला.

स्ट्राउसचे ते दोन जाड खंड मते देणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कितीशा लोकांनी उघडले असतील? इथे माझा एक जुना आग्रह सांगून टाकतो. चमत्कारांवर वाद घालण्यापूर्वी मार्काचे शुभवर्तमान एका बैठकीत आणि मोठ्याने वाचावे. सोळाच अध्याय आहेत, दीड-पावणेदोन तासांत संपतात, आणि जे कानांसाठी सांगितले गेले ते कानांनीच ऐकल्यावर अनेक शंकांचे रूप पालटते.

स्ट्राउस गेला, तरी असंतोष गेला नाही, कारण तो एकट्या स्ट्राउसमुळे आलेला नव्हता. सरकारच्या नव्या शाळांविषयी आणि शिक्षकांविषयी खेड्यांत अविश्वास होता, आणि यंत्रमागांमुळे घरोघरच्या विणकरांच्या पोटावर पाय येत होता. ज्यांचे हातमाग गेले, त्यांना आता आपला तारणाराही जाणार असे वाटले, आणि त्यांची ही भीती मला क्षुल्लक वाटत नाही. ५ सप्टेंबरच्या रात्री फेफिकोन गावातल्या चर्चची घंटा वाजू लागली. हजारो माणसे जमली. कोणाकडे बंदुका, तर कोणाकडे सोटे आणि गवत उपसण्याचे दाताळे. स्तोत्रे गात हा जमाव रात्रीच झुरिककडे निघाला. त्याच्या अग्रभागी होता फेफिकोनचा पाळक, बेर्नहार्ड हिर्त्सेल.

हा हिर्त्सेल कोण होता? आपल्या श्रोत्यांना हे ऐकून नवल वाटेल, की तो संस्कृतचा पंडित होता आणि त्याने १८३३ मध्ये कालिदासाच्या 'शाकुंतला'चे मूळ संस्कृतावरून जर्मनमध्ये केलेले भाषांतर प्रसिद्ध केले होते. दुर्वासाचा शाप, मुद्रिका पाहताच परत येणारी स्मृती, मारीचाच्या आश्रमातली भेट, या सर्वांतून वाट काढलेला हा माणूस होता. अलौकिक गोष्टीतून कवी सत्य कसे सांगतो, हे त्याच्याइतके झुरिकमध्ये क्वचितच कोणाला ठाऊक असेल. परंतु कालिदासाची कथा एक गोष्ट आणि शुभवर्तमान दुसरी, अशी रेघ त्याच्या मनात पक्की होती, आणि त्या रेघेसाठी तो हत्यारबंद शेतकऱ्यांना घेऊन राजधानीवर चालून गेला.

६ सप्टेंबरच्या सकाळी जमाव शहरात शिरला आणि सैन्याशी त्याची चकमक झाली. योहानेस हेगेट्श्वाइलर नावाचे सरकारातले एक सभासद, जे वैद्य होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञही, ते गोळीबार थांबवण्याचा आदेश घेऊन बाहेर आले. त्यांनाच गोळी लागली, आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. एकंदर पंधराच्या आसपास माणसे मेली, आणि सरकार कोसळले. ज्या गुरूने पाच भाकरींवर जमावाला गवतावर बसवून जेवू घातले, त्याच्या चमत्कारांच्या रक्षणासाठी हे घडले, याचे दुःख मला ही हकीकत सांगताना दर वेळी होते.

हे दुःख अधिक गडद होते, कारण शुभवर्तमाने स्वतः चमत्काराला श्रद्धेचा पुरावा म्हणून पुढे करायला नाखूश आहेत. परुशी या यहुदी पंथाच्या लोकांनी चिन्ह मागितले, तेव्हा येशूने ते नाकारले. श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या दाखल्यात तर स्पष्ट सांगितले आहे, की जे मोशे व संदेष्टे यांचे ऐकत नाहीत, त्यांची मेलेला उठून आला तरी खात्री पटणार नाही. आणि भाकरी खाल्लेल्या जमावाचे काय झाले? योहान सांगतो की ते लोक दुसऱ्या दिवशी कफर्णहूमला येशूला शोधत आले, पण त्याचे बोलणे कठीण वाटताच त्याच्या अनेक शिष्यांनी पाठ फिरवली. चमत्कार घडल्याचा दाखला आज कोणी आणून दिला, तरी त्यातून विश्वास निर्माण होईल, असे योहानाचा हा अध्याय वाचल्यावर मला म्हणवत नाही. म्हणून भाकरींच्या बाबतीत, अलीशाच्या धन्याने, म्हणजे देवाने, पुन्हा आपल्या लोकांना पोसले, हे सांगणाऱ्याचे म्हणणे जो मनापासून मानतो, त्याला विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून कोणी उठवू नये, मग त्या टोपल्यांविषयी त्याचे मत काहीही असो.

पुनरुत्थान मात्र या रांगेत बसत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो, की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. पौलाने तिथे शिकवणीची पळवाट ठेवलेली नाही. तो साक्षीदारांची नावे घेतो, केफा, म्हणजे पेत्र, आणि याकोब, आणि पाचशेंहून अधिक बांधवांपैकी बहुतेक अजून जिवंत आहेत असे म्हणतो. भाकरींना आणि रिकाम्या कबरेला स्ट्राउसने एकच माप लावले, आणि माझ्या मते त्याची चूक इथे झाली. शाश्वत सत्ये अबाधित राहतील असे १८३५ मध्ये लिहिणाऱ्या त्याच स्ट्राउसने, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'आपण अजून ख्रिस्ती आहोत का' असा प्रश्न विचारला आणि 'नाही' असे उत्तर दिले. ते उत्तर प्रामाणिक होते, आणि पौलाने ते अठराशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

नमस्कार.