बेडकाचं हृदय आणि आपलं मन

नमस्कार श्रोतेहो.

दादरच्या जिन्यावर असतानाच गाडी फलाटाला लागते. तुम्ही धावत सुटता, डब्यात शिरता, वरची कडी पकडता. छाती धडधडतेय, तळहाताला घाम. सायन येईपर्यंत सगळं आपोआप शांत! धडधड वाढवली रक्तात सुटणाऱ्या ॲड्रेनलिन या रसायनाने. उतरवली व्हेगसने, म्हणजे मेंदूपासून थेट हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणाऱ्या एका मज्जातंतूने. पण हा व्हेगस हृदयाला निरोप देतो कसा? विजेने की रसायनाने? शंभर वर्षांपूर्वी यावर शास्त्रज्ञांची जोरदार भांडणं चालायची. त्यातलीच ही गोष्ट, माझी फार लाडकी.

ऑस्ट्रियात ग्राट्स शहरात ओटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. एका रात्री त्यांना झोपेत प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि परत झोपले. सकाळी पाहतात तो स्वतःचंच अक्षर लागेना! दिवसभर आठवून पाहिलं, व्यर्थ. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तोच प्रयोग पुन्हा डोक्यात आला. या वेळी चिठोरा वगैरे काही नाही. उठले आणि तडक प्रयोगशाळा गाठली.

दोन बेडकांची हृदयं घेतली. बेडकाचं हृदय बाहेर काढलं तरी खारट द्रावणात बराच वेळ धडधडत राहतं. पहिल्या हृदयाचा व्हेगस तसाच ठेवला, दुसऱ्याचे मज्जातंतू काढून टाकले. पहिल्याच्या व्हेगसला विजेने डिवचलं, हृदय मंदावलं. इथपर्यंत नवं काही नाही. मग त्या पहिल्या हृदयातलं पाणी घेऊन दुसऱ्यात सोडलं. आणि तेही मंदावलं! नीट ऐका हं. दुसऱ्याला मज्जातंतूच नव्हता. त्याच्यापर्यंत गेलं ते फक्त पाणी. म्हणजे निरोप त्या पाण्यात होता. पुन्हा सांगते, निरोप पाण्यात होता. हे 1921 साली प्रसिद्ध झालं. पुढे ते रसायन ॲसिटिलकोलीन असल्याचं कळलं आणि 1936 चं नोबेल लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना मिळून दिलं गेलं. दोनच वर्षांनी नाझींनी या ज्यू प्राध्यापकांना तुरुंगात टाकलं आणि बक्षिसाची रक्कमही काढून घेतली. ते वाचलं की अजून संताप येतो.

झोपेचा विषय निघालाच आहे म्हणून बोलते. 2024 साली आपल्या सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. चांगलंच केलं. पण वयात येताना मुलांच्या शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं. आठवी-नववीतल्या पोराला रात्री लवकर झोप येत नाही, तो आळस नव्हे. त्यांना सातच्या शाळेला का पिटाळतो आपण?

असो. मेंदूतल्या पेशीही बहुतेक वेळा रसायनांतूनच एकमेकींशी बोलतात. पार्किन्सनच्या आजारात डोपामिन नावाचं असंच एक रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, हालचाल मंदावते. त्यावर डोपामिनसारखं काम करणारी औषधं देतात. त्यांतल्या काहींमुळे थोड्या रुग्णांना चक्क जुगाराचा नाद लागतो. जन्मभर पै-पै जपलेले आजोबा लॉटरीची तिकिटं घेत सुटतात, घरच्यांना वाटतं म्हातारपणी बुद्धी फिरली. डॉक्टरांनी औषध बदललं की बहुधा तो नाद ओसरतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आपल्या मनाने अजिबात नाही.

सगळं रसायनांवर ढकलावं असं नाही. कर्ज, एकटेपणा, चाळीतली कटकट, हेही मेंदूत जाऊन पोचतंच. पण महिनोन् महिने उदास असलेल्या सुनेला ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून गप्प बसवणं मला पटत नाही. थायरॉइड बिघडला तरी माणूस असा खचतो, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. तिला डॉक्टरकडे न्या. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. नंबर लिहून घ्या: 14416. एक, चार, चार, एक, सहा.