कोणती बोटं?

[पहाट. मार्केट यार्ड, कांदा-बटाटा विभाग]

ट्रकचा फाळका उघडतो. वरचे दोघं गोणी धरतात, खालचा वाकून पाठ देतो. हा क्षण नीट बघा. ५० किलोच्या आसपासचं ओझं, कमरेतून वळलेलं अंग आणि त्याच वळणात टाकलेलं पहिलं पाऊल.

मणक्यांमध्ये गाद्या असतात. बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. वाकून ओझं पेललं की गादीची पुढची बाजू दबते, गर मागं रेटला जातो. मागंच नसांची मुळं. वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं कडं कमजोर झालं, गादी सरकली, की नस चेपते. मग दुखणं कमरेत थांबत नाही. कुल्ला, मांडी, पोटरी करत पावलापर्यंत उतरतं. नस दबलेली असते बहुतेक वेळा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांपाशी, आणि माणूस चोळत बसतो पोटरी.

ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीचा माथाडी कायदा १९६९ साली झाला. १०० किलोची गोणी निम्म्यावर यावी म्हणून हमालांना त्यानंतरही झगडावं लागलं.

[सकाळ. पोळी-भाजी केंद्र. लाटणाऱ्या हातांवर कॅमेरा]

कणीक मळायची, लाटायची, पोळी उलटायची. मनगट तासन्‌तास एकाच चालीत. मावशी सांगतात, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. दोन वर्षं त्यांना एकच उत्तर मिळत होतं : वय झालं, वाताचं आहे. वय ४१.

मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद वाट जाते. बोटं मिटवणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक नस, सगळ्यांची ये-जा तिथूनच. दोऱ्यांभोवती सूज आली की चेपते ती नस. अखेर एका डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, कोणती बोटं?" अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर संशय मनगटावर. करंगळी असेल तर बहुधा कोपरावर. इतका साधा प्रश्न, आणि दोन वर्षांत तो कुणीच विचारला नव्हता.

[दवाखाना. रक्त घेताना]

सगळंच कामामुळं होत नाही. दोन्ही पावलं मोजे घातल्यासारखी बधिर असतील तर रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायला हवं. थायरॉइड मंदावला तरी स्नायू दुखतात. सकाळी बोटं तासभर आखडलेली राहत असतील तर संधिवात शोधावा लागतो. आणि पुण्यात पावसाळ्यात तापानंतर सांधे धरले असतील, तर चिकुनगुन्याचा विचार आधी. ताप उतरतो, सांधे कधी महिनोन्‌महिने सुटत नाहीत.

पाऊल उचलेना, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय.

[रात्र. मावशींचं घर]

मनगट सरळ ठेवणारी ही पट्टी झोपताना बांधायची. आज तिसरा आठवडा. काल रात्री जाग आली नाही, म्हणाल्या. पहाटे पाचला कणीक मळायची आहे.