दीड मिनिटाचा टप्पा

(दृश्य: नागपूर, मे महिना. तापलेली गच्ची, पाण्याची टाकी.)

दुपारी तीनला गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही. खालच्या खोलीचं छत मात्र खरं तापतं ते संध्याकाळी. स्लॅबमधून ऊन उतरायला काही तास घेतं. ते संगणकावरच्या गणितानं कसं पकडायचं, हा या अभ्यासवर्गातला पहिला धडा.

(दृश्य: संगणक प्रयोगशाळा. कूलरमध्ये पाणी भरणं चालू.)

बाकांवर पीएचडीचे विद्यार्थी आणि नुकतेच रुजू झालेले प्राध्यापक. प्रमेयं पाठ आहेत. मॅट्रिक्सशी गाठ बहुतेकांची फळ्यावरची, तीन बाय तीनची. सकाळी व्याख्यान, दुपारी कोड. खरं तर दुपार दुप्पट हवी.

(दृश्य: फळ्यावर स्लॅबचा छेद.)

स्लॅब 12 सेंटिमीटरचा, दर सेंटिमीटरला एक, असे 13 बिंदू. काँक्रीटची उष्णता-विसरणक्षमता, म्हणजे उष्णता त्यातून किती झपाट्यानं पसरते ते, धरली सेकंदाला 0.7 चौरस मिलिमीटर. वरचा पृष्ठभाग 60 अंश, बाकी सगळं 30. प्रत्येक बिंदूचं पुढचं तापमान त्याच्या आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या आत्ताच्या तापमानावरून काढायचं. अट एकच: विसरणक्षमता गुणिले काळाचा टप्पा, भागिले अंतराचा वर्ग, हे अर्ध्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे टप्पा फार तर 71 सेकंदांचा.

(दृश्य: पडद्यावर करवतीसारखा आलेख.)

हा टप्पा मुद्दाम 90 सेकंदांचा घेतलाय. आधी रेष नुसती थरथरते. विसाव्या टप्प्याला मधल्या बिंदूवर शेकडो अंश, शेजारी उणे शेकडो. पुढच्या टप्प्याला दोघांची अदलाबदल. कोडमध्ये एकही चूक नाही. सगळ्यात बारीक लाट, एक बिंदू वर तर पुढचा खाली अशी, दर टप्प्याला जवळपास दीडपट होते, तीही उलटी होऊन. बिंदूंमधलं अंतर निम्मं केलं तर टप्पा चौथाईवर येतो, 18 सेकंदांच्याही आत.

क्रँक आणि निकोल्सन यांची 1947 ची पद्धत ही अट उठवते. दर टप्प्याला समीकरणसंच सोडवावा लागतो, पण तीनच कर्णांचा: एका समीकरणात फार तर तीन अज्ञात. तो झटकन सुटतो. गोम पुढे आहे. टप्पा फार मोठा घेतला की कडेजवळची थरथर विझता विझत नाही. आकडे फुटले नाहीत म्हणजे उत्तर बरोबर आलं, असं नव्हे. सुरुवातीचे दोन-चार टप्पे साध्या इम्प्लिसिट ऑयलरनं, म्हणजे शेजाऱ्यांची आत्ताची नव्हे, पुढची तापमानं धरून, काढले की ती बसते.

(दृश्य: मेमरी अपुरी असल्याची सूचना.)

दुसऱ्या आठवड्यात स्लॅबच्या जागी पत्रा. 1000 बाय 1000 चं जाळं, 10 लाख अज्ञात. सवयीनं कुणीतरी समीकरणांची पूर्ण मॅट्रिक्स, शून्यांसकट, मागितली: 8 टेराबाइट. शून्यं साठवलीच नाहीत तर ओळीमागे पाच संख्या उरतात, बिंदूची स्वतःची आणि चार शेजाऱ्यांच्या, सगळं मिळून साठ-सत्तर मेगाबाइट.

(दृश्य: त्रुटीचा आलेख, दोन्ही अक्ष लॉगचे.)

शेवटचे दोन दिवस तपासणीचे, पुन्हा त्याच स्लॅबवर. आधी उत्तर ठरवायचं, ते बसेल असं समीकरण रचायचं, मग अंतर निम्मं-निम्मं करत त्रुटी मोजायची. दर वेळी ती चौथाईवर यायला हवी, म्हणजे आलेखाचा उतार 2. या पडद्यावर निम्मीच होतेय. आतले बिंदू ठीक आहेत. स्लॅबच्या खालच्या कडेला हवेशी होणारी देवाणघेवाण एकाच बाजूच्या बिंदूशी असलेल्या तापमानाच्या फरकानं मांडलीय, आणि त्या एका ओळीनं सगळ्या उत्तराची अचूकता खाली ओढली. उपाय: कडेबाहेर एक काल्पनिक बिंदू धरायचा आणि फरक दोन्ही बाजूंनी घ्यायचा.

ही तपासणी न करता छापलेले आकडे पुढचे लोक तसेच उचलतात.

(दृश्य: कीबोर्डवरची बोटं. नवा आलेख.)

उतार, 1.98.