तापीपल्याड, वखारीच्या गावाला

(दृश्य : खेडीभोकरीचा काठ. खाली नाव, वर उतारावर मोटारसायकली.)

अलीकडे चोपडा तालुक्यातलं खेडीभोकरी, पलीकडे जळगाव तालुक्यातलं भोकर. गावं समोरासमोर, सोयरीक जुनी, पण मध्ये तापी. पाऊस सरून पाणी उतरलं की पात्रात तात्पुरता पूल टाकायचा आणि पावसाळ्याआधी काढून घ्यायचा, हे इथं वर्षानुवर्षं चालत आलंय. पूल नसतो तेव्हा दोनच वाटा : नाव, नाहीतर लांबचा वळसा. आता पक्क्या पुलाचं काम हाती घेतलंय. तो झाला की नावेला कोण विचारणार? म्हणून नावेनंच निघूया. जायचंय धरणगावला.

"बठी जा भो, बठी जा," नावाडी आप्पा हाकारतात.

(दृश्य : फळीवरून मोटारसायकल चढवताना. जवळून.)

आधी मोटारसायकली. एकानं हँडल धरायचं, दोघांनी मागून रेटा द्यायचा. फळी खाली वाकते, पुढचं चाक नावेच्या कडेला अडतं, "हां, हां, उचला" असा गलका होतो आणि गाडी धप्पकन आत. आत गेल्यावर स्टँडवर सोडायची नाही. पलीकडे जाईपर्यंत मालकानंच धरून उभं राहायचं. मग दुधाच्या किटल्या, मग माणसं. शेवटी एक दादा चढतात, हातात कापडी पिशवी. पिशवीत कापूस, दोन-चार मुठी. हा नमुना. धरणगावच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, दाखवून भाव काढायचा. खेडा खरेदीवाला दारात येतो, पण त्याचा भाव आणि जिनिंगचा भाव यांत किती फरक आहे, ते स्वतः गेल्याशिवाय कळत नाही.

(दृश्य : नाव मध्यावर. दोन्ही काठ.)

हे पाणी सुरतेला जातं. पण खानदेशात तापीनं मालवाहतूक कधी फारशी केली नाही. पात्रात खडक, उन्हाळ्यात पाणी तुटपुंजं, पावसाळ्यात पूर. नाव चालते ती आडवी, या काठावरून त्या काठाला. इथला कापूस आणि कापड सुरतेच्या बंदरात गेलं ते बैलांवर आणि गाड्यांवर लादून. सुरतेत इंग्रजांची वखार 1613 पासून. माल खानदेशातून येतोय, तर खानदेशातच जाऊन का घेऊ नये, हा हिशोब त्यांनी केला आणि 1674 मध्ये धरणगावला वखार घातली. राज्य यायला अजून जवळजवळ दीडशे वर्षं होती. गिऱ्हाईक आधी आलं.

(दृश्य : धरणगावचा बाजार, अरुंद गल्ल्या.)

तेव्हा हा मुलूख मोगलांचा आणि धरणगाव त्यातली भरलेली पेठ. साहजिकच मराठ्यांची नजर इथं पडली. 1675 मध्ये गाव लुटलं गेलं, त्यात इंग्रजांची वखारही. भरपाई मागायला इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, थेट शिवाजी महाराजांकडे गेला. 1679 मध्ये पुन्हा लूट. सुरतेच्या लुटीवर आपण तासन् तास बोलतो, धरणगावचं नाव मात्र खानदेशातल्या पोरांनाही ठाऊक नसतं. याला काय म्हणावं!

वखार पाहायला म्हणून मात्र कुणी येऊ नये, निराशा होईल. बालकवींचं जन्मगाव म्हणून येणारे येतात, ते वेगळं. ते इथं 1890 मध्ये जन्मले.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं कारभाराचं ठाणं धुळ्याला केलं. सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल काही ऐकेनात. फौजा पाठवून झाल्या, जंगलात तापानं शिपाई मेले, हाती काही लागलं नाही. मग 1825 मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटनं भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगाव. हा गडी भिल्लांबरोबर शिकारीला जायचा, त्यांच्यात बसायचा, वाघांच्या मागे लागायचा; जंगलात त्याचा दबदबा झाला. इंग्रजी बखरींत हे सगळं फार गोड लिहिलेलं असतं. आपण एवढंच लक्षात ठेवायचं की भिल्लांना आवरायला भिल्लच नोकरीत घेतले. आणि नोकरीत घेतलेले सगळेच काही आवरले नाहीत : सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 मध्ये इंग्रजांवरच उलटला. त्याच धामधुमीत आउट्रम लखनौच्या लढाईत होता, तोवर सर जेम्स झालेला.

(दृश्य : धरणगाव स्टेशन. मालगाडी जाते.)

धरणगावचा बाजार मागे पडला तो तलवारीनं नाही, रुळांनी. 1860 नंतरच्या दशकात मुंबईहून रेल्वे आली ती चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी. अमेरिकेत यादवी सुरू, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, इथं भाव कडाडलेला. आणि ऐन त्या वेळी स्टेशन जळगावला. व्यापारी तिकडे सरकले. धरणगावला रूळ आले ते शतक सरता सरता, सुरतेहून आलेल्या तापी खोऱ्याच्या लाइनीनं. तापीनं जे काम केलं नाही, ते तिच्या काठाकाठानं गेलेल्या गाडीनं केलं.

(दृश्य : जिनिंगचं आवार. कापसाचा ढीग, सरकीचा ढीग.)

जिनिंगमध्ये बोलायचं तर ओरडून. हवेत कापसाची बारीक धूळ, भुवयांवर पांढरं. नावेतले दादा पिशवी उघडतात. खरेदीवाला चिमूटभर कापूस घेतो, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढतो, धाग्याची लांबी पाहतो, पुन्हा ओढतो. बोटांनी दाबून ओल बघतो.

"ओला आहे."

"ओला कसा? आठ दिवस वाळवलाय, साहेब."

ओलाव्यापोटी क्विंटलमागे किती कापायचे, यावर घासाघीस सुरू होते. खरेदीवाल्याला घाई नाही. संध्याकाळपर्यंत अजून पुष्कळ नमुने येतील. घाई दादांना आहे. अंधार पडायच्या आत भोकरला पोहोचलं नाही तर आप्पांची नाव पलीकडे गेलेली असते.