पेडिक्युअर टबची जाळी कधी उघडलीत?

नमस्कार मैत्रिणींनो. आज स्क्रूड्रायव्हर घेऊनच बसलेय, कारण हा फूट स्पाचा टब तुमच्यासमोर उघडायचाय.

आत ही जाळी दिसतेय? मोटर पाणी इथून ओढते आणि जेटमधून परत फेकते. म्हणजे पायांची मेलेली कातडी, केस, स्क्रबचे कण, सगळं आधी इथे येऊन बसतं. थांबा, स्क्रू काढते... हे बघा. वरून टब किती चकचकीत दिसत होता!

2000 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलमध्ये एका नेल सलूनच्या शंभरावर क्लायंटच्या पायांवर, गुडघ्याखाली, गळवं उठली. माग काढत तपास पोचला तो अशाच टबांपर्यंत. जाळ्यांमागे केसांचा आणि कातडीचा गाळ साचला होता, आणि त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू वाढत होता. हा जंतू नळाच्या पाण्यातही सापडतो. पण असा गाळ आणि कोमट पाणी मिळालं की त्याचं फावतं. त्या बायकांची गळवं बरी व्हायला महिने गेले, व्रण राहिले ते वेगळेच.

त्यातही ज्यांनी पेडिक्युअरआधी पायांवर रेझर फिरवला होता, त्यांना धोका जास्त होता. आणि आपल्याकडे काय चालतं? आधी फुल लेग वॅक्स, लगेच पेडिक्युअर. पॅकेजच तसं असतं. मीही कित्येक वर्षं तेच केलंय, आणि आता त्याचं फार वाईट वाटतं. आता मी सांगते, "ताई, आज पेडिक्युअर करू, वॅक्सला दोन दिवसांनी या." कोणी रागावत नाही.

आता औषधाचं बोलू. कोमट पाण्यात झाकणभर अँटिसेप्टिक टाकलं की वास छान येतो, पण टब निर्जंतुक होत नाही. मळावर औषध ओतलं तर ते मळातच संपतं. म्हणून पाणी सोडून द्या आणि साबण लावून टब ब्रशने घासा. मग साबण पूर्ण धुऊन काढा, यात घाई नको. बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेलं डिसइन्फेक्टंट वापरत असाल, तर उरलेला साबणच त्याला निकामी करतो. त्यानंतर स्वच्छ पाणी भरा, बाटलीवर लिहिलंय त्याच मापाने औषध घाला आणि जेट चालू ठेवून 10 मिनिटं घड्याळ लावा. बाटलीवर जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा वेळ. हे प्रत्येक क्लायंटनंतर. बाहेर कोणी ताटकळत बसली असली तरीही.

जाळी मात्र रोज रात्री निघालीच पाहिजे. कॅलिफोर्नियात त्या प्रकारानंतर नियम झाले. टब कधी धुतला याची तिथे नोंद ठेवावी लागते. आपणही एक वही टांगायला काय हरकत आहे?

तुमच्याकडे जेट नसलेला साधा टब असेल तर मला तो जास्त आवडतो. त्यात लपायला जागाच नाही.

निपर, पुशर ही नखांची धातूची हत्यारं घासून धुऊन मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसला. निळ्या दिव्याचा (यूव्ही) डबा धुतलेली हत्यारं ठेवायला ठीक, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. बफर, लाकडी काडी, कागदी फाइल एकदा वापरली की टाकायची.

आता ही जाळी घासून दाखवते. जुना टूथब्रश घ्या, तो कोपऱ्यात शिरतो. कॅमेरा जरा जवळ आणते...