एका पट्टीत येण्याची गोष्ट

नमस्कार मंडळी.

जानेवारीत दिल्लीच्या पहाटे क्लॅरिनेट उतरतं. उतरतं म्हणजे त्याचा सूर खाली जातो. गार हवेत फुंकीच्या प्रत्येक वाद्याचं हेच होतं. विजय चौकात 29 जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटची, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या लष्करी बँडच्या कार्यक्रमाची, तालीम असायची, तेव्हा आम्ही रांगेत उभं राहून आधी नुसता श्वास सोडत असू. वाद्याला ऊब द्यायची, रीड, म्हणजे तोंडाशी बसवायची वेताची पातळ चीप, जिभेवर भिजत ठेवायची, बोटं काखेत दाबून धरायची. मग बँडमास्टरचा हात वर व्हायचा आणि सगळ्यांनी मिळून एकच सूर लावायचा, बी फ्लॅट. तुमच्या पेटीवरची काळी पाच. पहिल्यांदा त्या सुराला लाटा असतात, कानात वॉव-वॉव असं घुमतं. ज्याचं उतरलंय तो वाद्याचा जोड किंचित आत सारतो, ज्याचं चढलंय तो बाहेर ओढतो. लाटा हळूहळू लांब होतात आणि विरतात. मग उरतो एकच जाड, सरळ आवाज. एवढी वर्षं रेजिमेंटच्या बँडमध्ये काढली, पण कुठल्याही मार्चपेक्षा मला तो क्षण जास्त आवडायचा.

लोकांना वाटतं, लष्कराचा बँड म्हणजे लाल-सोनेरी पोशाख आणि चकचकीत पितळ. हा एक सूर किती कष्टाने जमलाय, ते मला आज सांगायचंय.

साल 1854. क्रिमियाच्या युद्धावर निघालेली ब्रिटिश फौज इस्तंबूलच्या समोरच्या किनाऱ्यावर, स्कुटारीला उतरलेली होती. व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाचं संचलन ठरलं. वीसेक बँड एका मैदानात उभे राहिले आणि सगळ्यांनी एकदम राष्ट्रगीत सुरू केलं. प्रत्येकाची पट्टी निराळी, प्रत्येकाची मांडणी निराळी. आपल्याच राणीच्या मानवंदनेला, आपल्याच साऱ्या फौजेसमोर तो गोंगाट झाला.

यात वादकांचा दोष नव्हता. त्या काळी बँड सांभाळायचे पलटणीचे अधिकारी, तेही स्वतःच्या खिशातून. बँडमास्टर बहुधा बाहेरून आणलेला जर्मन किंवा इटालियन माणूस, करारावर ठेवलेला. पलटण लढाईला निघाली की तो घरी जायला मोकळा. वाद्यं ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या कारखान्यातून घेतलेली, त्यामुळे एकाचा सा दुसऱ्याच्या सा ला भेटायचाच नाही. स्कुटारीच्या त्या फजितीनंतर फौजेचे सरसेनापती ड्यूक ऑफ केंब्रिज यांनी मनावर घेतलं आणि 1857 साली लंडनजवळ नेलर हॉलमध्ये लष्करी संगीताची शाळा सुरू झाली. सैनिकातूनच वादक, वादकातूनच बँडमास्टर, आणि सगळ्यांची तालीम एक. पेशेवर लष्करी बँड म्हणतात तो ब्रिटिश फौजेत असा आकाराला आला.

मला या गोष्टीत आणखी एक जागा फार महत्त्वाची वाटते. हे घडलं इस्तंबूलच्या दारात, आणि युरोपच्या लष्करी बँडमधला मोठा ढोल, झांजा हे सगळं आलं होतं तुर्की फौजेच्या ‘मेहतेर’ नावाच्या बँडच्या वादकांकडून! युरोपने ते उचललं आणि आपलंसं केलं. इकडे सुलतानाने 1826 मध्ये आपल्या जुन्या, जॅनिसरी नावाच्या पलटणी मोडल्या, त्यांच्याबरोबर मेहतेरही मोडीत काढला, आणि दोनच वर्षांनी युरोपियन धर्तीचा बँड उभा करायला ज्युसेप्पे दोनिझेत्ती या इटालियन माणसाला बोलावून घेतलं. वाद्यं अशी फिरत राहतात. आपल्याकडे रायगडाच्या नगारखान्याशी नातं सांगणारे आपण, आणि तंजावरच्या मराठी दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांनी पाश्चात्त्य धर्तीचा बँड ठेवला होता. नगारा आणि क्लॅरिनेट यांत त्यांना भांडण दिसलं नाही. मलाही दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यालाही शाळा हवी होती. जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने 1950 मध्ये पचमढीला, सातपुड्याच्या डोंगरात ती उभी राहिली. नौदलाची संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला, आयएनएस कुंजालीत आहे. गावाकडून भजनाची ढोलकी वाजवत आलेला पोरगा अशा शाळेत पाच रेघांवरचे स्वर वाचायला शिकतो. मग आसामचा, केरळचा आणि साताऱ्याचा वादक एकमेकांची भाषा न समजताही एका कागदावरून वाजवू शकतात.

दोन माणसांची नावं घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एक राम सिंह ठाकुरी. गोरखा पलटणीतला वादक, पुढे नेताजींच्या आझाद हिंद सेनेत गेला. ‘कदम कदम बढाए जा’ची चाल त्यांची. ज्या सैन्याने आझाद हिंदच्या लोकांना एके काळी कैदी केलं, त्याच सैन्याच्या पोरांची पावलं आज त्या चालीवर पडतात. दुसरे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. त्यांनी चाल दिलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लताबाईंनी दिल्लीत गायलं 27 जानेवारी 1963 ला, चीनच्या युद्धाची जखम ओली असताना. 2022 पासून ते बीटिंग रिट्रीटमध्येही आलं. त्याच वर्षी ‘अबाइड विथ मी’ गेलं. गांधीजींची ती आवडती प्रार्थना शांतपणे, घंटांच्या साथीने वाजायची. मला दोन्ही हवी होती, हे मी उघडपणे सांगतो.

आता काम काय, ते सांगतो. साध्या मार्चमध्ये मिनिटाला 120 पावलं आणि एक पाऊल 30 इंचांचं. गुणाकार करा, मिनिटाला बरोबर 100 यार्ड होतात. म्हणजे मोठ्या ढोलावर टोला देणारा माणूस केवळ ताल देत नसतो, तो अख्ख्या पलटणीचं अंतर मोजत असतो. त्याचा हात ढिला पडला तर शेवटची रांग मागे राहते.

आणि लढाई सुरू झाली की वाद्यं पेटीत जातात. बँडचे जवान तेव्हा स्ट्रेचर घेतात. जखमी उचलायचं, बांधायचं, मागे आणायचं, हे शिक्षण प्रत्येक बँडवाल्याला मिळतं. मलाही मिळालं. पहिल्याच दिवशी आम्ही स्ट्रेचर उचललं आणि सवयीने डाव्या पायाने, तालात निघालो. उस्ताद ओरडले, “कदम तोडो!” पावलं जुळली की कापड झुलतं आणि झोक्याने जखमीला कळा येतात. म्हणून पुढच्याने डावा पाय टाकला की मागच्याने उजवा टाकायचा. ज्यांना वर्षभर एका पावलावर चालायला शिकवलं होतं, ते आम्ही त्या दुपारी मैदानात, मोकळ्या गळ्याने आकडे म्हणत, पाय चुकवायला शिकत होतो.