कोलेस्टेरॉलच्या पानामागचं पान
(फोंडा येथील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मघाशी बहुतेकांनी आपलं कोलेस्टेरॉल तोंडपाठ सांगितलं. पहिल्या रांगेतल्या काकांनी तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दशांशासकट सांगितलं, टाळ्या घेतल्या. मग मी ईजीएफआर विचारला, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाजे आकडा, कमी म्हणजे वाईट. सभागृह गप्प झालं. काका, तुम्हीसुद्धा!

हृदयाची धास्ती घेऊन आलेला माणूस फाईल उघडतो ती लिपिड प्रोफाइलवर, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या पानावर. मूत्रपिंडाचं पान मागे. गेल्या पावसाळ्यात डिचोलीकडच्या एक मावशी आल्या. वय सत्तर, अंगाने अगदी काटकुळ्या. क्रिएटिनिन 1.2, शेजारी छापलेलं 'नॉर्मल 0.6 ते 1.2'. ठळक अक्षर नाही, धोक्याच्या खुणेचा तारा नाही. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, किडनी ठीक आहे, तुम्ही कोलेस्टेरॉलचं बघा."

क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडं तो गाळून टाकतात. स्नायू कमी असतील, तर मूत्रपिंडं मंदावली तरी आकडा नॉर्मल दिसतो. तिशीतल्या पुरुषाचं 1.2 असेल तर ईजीएफआर 83च्या आसपास येतो. मावशींचा त्याच 1.2वर आला 49. तीन महिन्यांहून अधिक काळ तो 60च्या खाली राहिला, की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. हिशेबाला लागतं काय? वय, स्त्री की पुरुष, आणि क्रिएटिनिन. तिन्ही त्याच कागदावर होतं! एक ओळ जास्त छापायला लॅबचं काय जातं? मी त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं: डॉक्टरांनी मागितलं तर देऊ. अहो, ज्याला तारा दिसलाच नाही तो मागेल कशाला? याचा मला मनापासून राग येतो, कारण असे कितीतरी रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत. त्याआधीच हृदयविकाराने जातात.

कॅलिफोर्नियातल्या अकरा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. ईजीएफआर 45 ते 59 असणाऱ्यांना हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका साधारण 40 टक्क्यांनी जास्त. 15 ते 29 असेल तर जवळजवळ तिप्पट. काणकोण तालुक्यातल्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांमुळे गोव्यात मूत्रपिंडाची चर्चा होते, व्हायलाच हवी. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला होता, 26.4 टक्के. मूत्रपिंडं मधुमेहानेही झिजतात, पेडण्यापासून काणकोणपर्यंत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य विषय, म्हणजे मूत्रपिंड बिघडल्यावर कोलेस्टेरॉलचं काय करायचं, तो आता घाईत सांगतो.

मूत्रपिंड थोडं बिघडलेलं असताना स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचा, फायदा होतो. नऊ हजारांवर रुग्णांच्या 'शार्प' चाचणीत (2011) सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन आणि इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध, या जोडीने रक्तवाहिन्या तुंबून होणारे झटके 17 टक्क्यांनी घटले. म्हणून पन्नाशीपुढच्या अशा रुग्णाला एलडीएल फार नसलं तरी स्टॅटिन सुचवतात. डायलिसिसवर मात्र 2005 आणि 2009च्या मोठ्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. तिथे मृत्यू बऱ्याचदा ठोक्यांची लय बिघडून किंवा हृदय थकून होतो. वाहिन्यांत कॅल्शियम साचलेलं असतं. तिथलं कमी कोलेस्टेरॉलही खूश होण्यासारखं नसतं, कुपोषणाने आणि शरीरातल्या दाहाने ते उतरलेलं असू शकतं. डायलिसिसवर स्टॅटिन सहसा नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर मनाने बंद करू नका.

आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासा. लघवीतल्या क्रिएटिनिनशी त्याचं गुणोत्तर 30च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) वर गेलं, तर ईजीएफआर चांगला असूनही हृदयाचा धोका वाढतो. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप असेल तर उतरल्यावर द्या. गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही मूत्रपिंड बिघडू शकतं, म्हणून त्या रोज घेणाऱ्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, गोळ्यांची पाकिटं घेऊन.